त्या दिवशीचं कार्ड कोरं होतं

मधुसूदनरावांना कोणी डिटेक्टिव्ह म्हटलं की राग यायचा. त्यांनी माझ्या दुकानात टेबल टाकलं तेव्हा मी हौसेनं ‘खाजगी गुप्तहेर’ असा बोर्ड टाइप करून दिला, तर म्हणाले, “मृदुलाताई, हे काढा बरं. मी चौकशी करतो. त्यात गुप्त काय? लोक आपणहून सगळं सांगतात, आपण नुसतं उभं राहायचं.” मग काचेवर ‘चौकशी सेवा’ एवढंच लावलं, आणि झालं काय, की आकुर्डी स्टेशनवरून येणारे-जाणारे मला लोणावळ्याची गाडी किती वाजता म्हणून विचारायला लागले. झेरॉक्स काढू, टायपिंग करू, की रेल्वे चालवू? पण टेबल राहिलं. अकरा वर्षं राहिलं.

काम बहुतेक लग्नाआधीच्या चौकशीचं. मुलगा सांगतो त्या कंपनीत खरंच आहे का, शनिवारी संध्याकाळी कुठं बसतो, आधीचं काही आहे का. मधुसूदनराव स्वतः बिनलग्नाचे. आई होती तोवर आईचं केलं, ती गेल्यावर प्राधिकरणातल्या एका खोलीत एकटे राहिले आणि डबा मेसचा. मी एकदा विचारलं, “दुसऱ्यांची स्थळं तपासता, तुमचं कोणी तपासलं नाही वाटतं?” तर म्हणाले, “तपासलं होतं. नापास झालो.” आणि परत लिहायला लागले. विनोद केला की खरं सांगितलं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कधी कळायचं नाही.

त्याआधी चोवीस वर्षं ते आकुर्डीच्याच एका पत्रे ठोकणाऱ्या कंपनीत टाइम ऑफिसला होते. कामगार गेटवर येणार, मशीनमध्ये आपलं कार्ड घालणार, त्यावर वेळ उठणार, आणि ती कार्डं सांभाळायची यांनी. कोण आला, कोण उशिरा आला, कोण रजेवर. कंपनी बंद पडली तरी सवय काही सुटली नाही. रिपोर्टच्या खाली ठरलेली ओळ असायची, ‘जे कागदावर आहे व जे डोळ्यांनी दिसले तेवढेच लिहिले आहे.’ एकदा मी म्हटलं, मुलगी चांगल्या घरची वाटते असं लिहा ना, बिचारीचं लग्न जमेल. तर माझ्याकडे असं बघितलं की मी मुकाट्यानं प्रिंट काढली.

कुत्र्याचं नाव मस्टर. हजेरीचं बुक असतं ना, ते मस्टर. काळा, एक कान फाटलेला, रस्त्यावरचाच. पण धंद्यात त्याचा मोठा उपयोग. मधुसूदनराव सांगायचे, माणूस एखाद्या सोसायटीखाली एकटा तासभर उभा राहिला तर वॉचमन हटकतो. हातात कुत्रं असलं की तोच वॉचमन विचारतो, चावत नाही ना हो? मस्टरनं कधी कसला वास काढून काही शोधलं नाही. तो नुसता बसायचा. संध्याकाळी दुकान बंद करताना मी बघायची, दोघं जुन्या स्कूटरवरून निघालेले, पुढं पाय ठेवायच्या जागेत मस्टर, आणि मधुसूदनराव त्याच्याशी काहीतरी बोलताहेत. माणसांशी दिवसभरात बोलत नसतील एवढं त्याच्याशी बोलायचे. मला वाईट वाटायचं. पण मी तरी काय करणार होते? माझ्या घरी तरी कोण वाट बघत होतं?

तर मार्च महिना, मंगळवार. एक मुलगी आली. अठ्ठावीस वर्षांची, चाकणच्या कंपनीत क्वालिटीला असल्याचं गळ्यातल्या ओळखपत्रावर होतं. नाव साधना. बसायला खुर्ची दिली तरी उभीच. म्हणाली, “काका, एक जुनं मरण आहे. त्याची चौकशी करता का?”

मधुसूदनराव म्हणाले, “पोलिसांकडे जा, मुली.”

“पोलिसांनी एकवीस वर्षांपूर्वीच अकस्मात मृत्यू म्हणून मिटवलं. मला पोलीस नकोत. मला एकच गोष्ट कळायला हवीय.”

मग तिनं सांगितलं. तिचं गाव चाकणच्या पलीकडं. नाव मी सांगत नाही, तिथं अजून तीच माणसं राहतात. तिची आई सरू शेतातल्या विहिरीत सापडली तेव्हा साधना सात वर्षांची. उन्हाळी कांद्याला पाणी द्यायचं होतं. संध्याकाळी सहाला लाइट आली, मोटर पाणी ओढेना, तेव्हा मोटरीत वरून पाणी ओतायला सरू विहिरीच्या पायऱ्या उतरली. कळशी विहिरीत, मोटरीचं झाकण उघडं. एवढं सगळ्यांना मान्य होतं. भांडण पुढचं. मामाचं म्हणणं, मोटर नेहमी सोपानच चालू करायचा, म्हणजे साधनाचे वडील. तो तिथंच होता, सरू वाकली तेव्हा त्यानंच ढकललं. नवरा-बायकोचं आठ दिवस धुसफुसत होतं हे गावालाही माहीत.

“आणि वडील काय म्हणाले?”

“एकदाच म्हणाले. मी कंपनीत होतो. मामा दोन माणसं घेऊन कंपनीत विचारायला गेला. तिथं सांगितलं, नव्हता, रजेवर होता. त्यानंतर दादा कधी काहीच बोलले नाहीत. मामा मला राजगुरुनगरला घेऊन गेला. गावातलं कोणी आमच्या घरचं पाणी पीत नाही तेव्हापासून. आता दादांच्या किडन्या गेल्यात. दवाखान्यानं घरी न्या म्हणून सांगितलं. पंधरा दिवस काढतील म्हणे. चुलतीचा फोन आला, येऊन बापाच्या तोंडात पाणी घाल. मामा म्हणतो, तिकडं गेलीस तर माझं दार बंद. त्यांनी आईला मारलं असेल तर मी जाणार नाही. मारलं नसेल तर मला जायचंय, मग मामाचं दार बंद झालं तरी चालेल. ते तिथं होते की नव्हते, एवढं शोधून द्या. आणि लवकर.”

“कंपनी कुठली?” मधुसूदनरावांनी विचारलं.

तिनं नाव सांगितलं. मी टाइप करत होते, माझे हात थांबले. ती यांचीच कंपनी.

मधुसूदनरावांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, “तुझा मामा उंच, कपाळावर खोक? बरोबर एक पांढऱ्या टोपीवाला होता?”

“हो.”

“त्याला कार्ड मीच दाखवलं होतं. त्या दिवशीचं कार्ड कोरं होतं. रजेचा अर्जही होता, कारण, शेतीचे काम. मुली, तुला चौकशीची गरजच नाही. तुझे वडील त्या दिवशी कंपनीत नव्हते.”

मुलीचा चेहरा असा उतरला, मला बघवेना. “म्हणजे मामा खरंच बोलत होता,” एवढंच म्हणाली आणि दारापर्यंत गेली. मग परत वळली. “पण मग ते होते कुठं? कंपनीत नव्हते तर कुठं होते, हे तरी कोणीतरी बघितलं असेल ना?”

“ते बघतो,” मधुसूदनराव म्हणाले.

ती गेल्यावर मी भडकलेच. “अहो, जरा सांभाळून सांगता आलं नसतं का? धोंडा टाकल्यासारखं काय ते?”

“आहे ते सांगितलं,” ते म्हणाले. “कार्ड खोटं बोलत नाही.”

दुसऱ्या दिवसापासून ते रोज गावाला जायला लागले. चाकणचा तो रस्ता, ट्रकांच्या रांगा, धूळ, आणि त्यात हा सहासष्ट वर्षांचा माणूस स्कूटरवर, पुढं कुत्रं. गावात सांगितलं, प्लॉट बघायला आलोय. त्या भागात एवढं सांगितलं की पुरे असतं. लोक आपणहून जवळ येतात, चहा पाजतात, आणि कुठली जमीन का घेऊ नका हे पोटातलं सगळं सांगतात. सोपानच्या विहिरीशेजारची घेऊ नका, हे त्यांना पाच जणांनी सांगितलं. पण त्या संध्याकाळी सोपानला विहिरीवर बघितलेला एकही माणूस सापडेना. ज्यानं त्यानं दुसऱ्याकडून ऐकलेलं, आणि दुसऱ्यानं तिसऱ्याकडून. तीन दिवसांत त्यांनी मूळ शोधत शोधत नेलं, तर ते जाऊन पोचलं मामापाशी, आणि मामाचा सगळा आधार कशावर? तर यांनी दाखवलेल्या कार्डावर.

हे त्यांनी मला संध्याकाळी सांगितलं. मी म्हटलं, “म्हणजे गाव तुमच्याच जिवावर बोलतंय की!” त्यांना ते आवडलं नाही.

मग ते सोपानरावांच्या घराकडं वळले. शेताच्या कडेला दोन खोल्या, पुढं अंगण, बाभळीखाली खाट. म्हातारा दिवसभर त्या खाटेवर. भावजय, म्हणजे साधनाची चुलती, दोन वेळा ताट आणून उंबऱ्यावर ठेवायची आणि पदर सावरत निघून जायची. मधुसूदनराव पलीकडच्या बांधावर फोन कानाला लावून प्लॉटचं बोलण्याचं नाटक करत उभे राहिले. मस्टर मात्र सरळ खाटेजवळ जाऊन बसला. त्याला कोणी शिकवलं नव्हतं, भाकरीचा वास आला असेल.

सोपानराव गावात कोणाशी बोलत नव्हते. त्या कुत्र्याशी बोलले.

“खा रं,” म्हणाले. “माझ्या हातचं चालतंय व्हय तुला? बरं बाबा. गावाला न्हाई चालत.”

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मस्टर आपणहून पुढं पळाला. मधुसूदनराव मला म्हणाले, “मृदुलाताई, एकवीस वर्षं तो माणूस बोलायला कोणीतरी यायची वाट बघतोय, आणि आलं ते माझं कुत्रं.”

चौथ्या दिवशी भावजयीनं ताटात केळं ठेवलं. म्हाताऱ्यानं ते मस्टरपुढं टाकलं. म्हणाला, “मी न्हाई खात केळं. सरू गेली त्या दिसापासनं न्हाई खाल्लं. त्या दिशी सेकंड शिफ्टला भातात पाल निघाली. दोनशे मानसं उपाशी. मग सायबांनी दोन-दोन केळी वाटली. एक म्या खाल्लं, एक ठिवलं खिशात, पोरीसाटनं. घरी आलो तर अंगणात ही गर्दी. केळं खिशातच ऱ्हायलं रं. तिसऱ्या दिशी पोलिसानं शर्ट काढाया लावला तवा घावलं.”

मधुसूदनराव फोन तसाच कानाला धरून उभे राहिले. त्या दिवशी दुकानात आले, टेबलाशी बसले. मी चहा ठेवला, तो तसाच. मग म्हणाले, “ती केळी मी वाटली.”

घरी जाऊन त्यांनी पेटीतून जुनी डायरी आणली. या माणसानं चोवीस वर्षांच्या चोवीस डायऱ्या ठेवल्यात. सोळा मार्चच्या पानावर त्यांच्याच अक्षरात होतं, ‘सेकंड शिफ्ट. भातात पाल. कोणीही बाहेर बोलू नये अशी सूचना. केळी वाटली, स्वतः.’ सोळा मार्च. सरूच्या मरणाची तारीख. आणि सेकंड शिफ्ट म्हणजे दुपारी तीन ते रात्री अकरा.

मला काही नीट समजेना. “पण कार्ड तर कोरं होतं ना?”

“त्याचं कोरं होतं,” ते म्हणाले. “तो दुसऱ्याच्या कार्डावर आत आला असणार.” आणि मग त्यांनी ते सांगितलं. दुसऱ्याच्या कार्डावर कामं सर्रास चालायची. खेड-मावळातली माणसं, घरी शेती. सुगीत, लग्नसराईत, कोणाचं बाळंतपण असलं की एक जण दुसऱ्याच्या कार्डावर पाळी भरायचा. मशीनला काय, कार्ड घातलं की वेळ उठते. “आम्हाला माहीत होतं, ताई. सगळ्या टाइम ऑफिसला माहीत होतं. आम्ही डोळेझाक करायचो. गरीब माणसं, म्हणायचो, चालू दे.”

“आणि मामा आला तेव्हा?”

“तेव्हा मी कार्ड काढून दाखवलं.”

“अहो, तेव्हा तोंडात काय मूग भरले होते? सांगायचं ना, की कार्ड कोरं असलं तरी माणूस आत असू शकतो!”

“सांगितलं असतं तर माझ्यावर आलं असतं,” ते म्हणाले. अगदी सरळ म्हणाले. “म्हणून मी ते मनातसुद्धा आणलं नाही. आणि परवा ती मुलगी समोर उभी होती तेव्हाही आणलं नाही.”

मला त्यांचा इतका राग आला होता, की मी उठून झेरॉक्स मशीन उगाच चालू करून ठेवलं.

केळ्यांवरून पक्कं होत नव्हतं. सोपाननं ते नंतर कोणाकडून ऐकलं असेल, असं मामा म्हणालाच असता. मग मधुसूदनरावांनी टाइम ऑफिसचं डोकं लावलं. सोपान रजेवर होता, कांद्याला पाणी द्यायला घरी होता. एवढी गरज कोणाची, की त्याला घरून ओढून आणावं? ज्याला त्या दिवशी गैरहजर राहणं परवडणारच नाही त्याची. त्या महिन्यात सोपानच्या खात्यात, म्हणजे प्रेस शॉपमध्ये, ‘आणखी एक गैरहजेरी आणि कामावरून कमी’ अशी पत्रं तिघांना गेली होती. तीही यांनीच दिलेली, डायरीत नावं होती. एक जण नोकरी सोडून गेला तो गेलाच, एक वारला. तिसरा रोहिदास. तो कायम झाला, कंपनी बंद होईपर्यंत राहिला, आणि आता सांगवीत स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहतो.

मधुसूदनराव सांगवीला गेले. दार एका मुलीनं उघडलं, एकवीस वर्षांची असेल. तिनं पाणी आणून दिलं, मस्टरलाही वाटीत दिलं. रोहिदास बाहेर आला, टाइम ऑफिसच्या माणसाला त्यानं लगेच ओळखलं. मधुसूदनरावांनी फक्त तारीख सांगितली. तो मुलीकडं बघून म्हणाला, “ही त्याच दिवशी झाली.”

मग सगळं बाहेर आलं. बायको अडली होती, दवाखान्यात नेलेली, आणि हा दुपारी सोपानच्या दारात जाऊन रडला. सोपाननं सरूला सांगितलं, मोटर मी रात्री आल्यावर लावतो, तू हात लावू नको. आणि रोहिदासचं कार्ड घेऊन गेला. दहाव्याला रोहिदास त्याच्याकडं गेला होता. म्हणाला, मी सांगतो सगळ्यांना. सोपाननं त्याचा हात धरला. ‘तुझी पोर दहा दिसांची हाय. तुझी नोकरी गेली म्हून सरू माघारी येनार हाय व्हय? न्हाई सांगायचं. माझी आन हाय तुला.’

“आणि तुम्ही नाही सांगितलं,” मधुसूदनराव म्हणाले.

“वर्षभर वाटायचं सांगावं,” रोहिदास म्हणाला. “मग पर्मनंट झालो. मग फ्लॅट घेतला. मग सांगायला तोंड राहिलं नाही.” गावाला चला म्हटल्यावर, उद्या येतो म्हणाला. तो काही आला नाही.

उद्याची वाट न बघता मधुसूदनराव सांगवीहून त्याच संध्याकाळी दुकानात आले. म्हणाले, “ताई, टाइप करा.” एक पानाचा रिपोर्ट. अकरा वर्षांत मी त्यांचे किती रिपोर्ट टाइप केले असतील, पण ‘मी’ हा शब्द त्यात पहिल्यांदा आला. ‘सोपानराव यांच्याबाबत चुकीची माहिती मी दिली. एकदा एकवीस वर्षांपूर्वी व एकदा मागील आठवड्यात मंगळवारी.’ खालची ठरलेली ओळ त्यांनी लिहू दिली नाही.

साधनाला बोलावलं. तिनं उभ्यानंच वाचलं. दोनदा वाचलं. मला वाटलं आता ही रडेल, नाहीतर यांच्या तोंडावर कागद फेकेल, आणि फेकला असता तर मी काही मध्ये पडले नसते. ती म्हणाली, “मंगळवारपासून आज अकरा दिवस झाले, काका.”

“हो.”

“चला. तुम्ही पण यायचं. त्यांच्यासमोर सांगायचं.”

मधुसूदनराव माझ्याकडं वळून म्हणाले, “मृदुलाताई, येता का? मला एकट्याला जमायचं नाही.” या माणसानं माझ्याकडं कधी एक स्टेपलरची पिनसुद्धा मागितली नव्हती. मी शटर खाली ओढलं. मस्टरला शेजारच्या चहावाल्याकडं बांधलं आणि आम्ही रिक्षानं निघालो.

म्हाताऱ्याला आता आत आणलं होतं. भावजय दाराशी होती, ती साधनाला बघून नुसती बाजूला झाली. खोलीत औषधांचा वास. अंगावर सूज, डोळे अर्धे मिटलेले. साधना सात वर्षांची असताना त्या घरातून गेली होती, ती आता खाली वाकून आत आली आणि खाटेच्या कडेला बसली.

“दादा.”

त्यांनी डोळे उघडले. “कोन?”

“साधना.”

ते बघतच राहिले. हात उचलायला गेले, हात काही वर आला नाही. मग तिनंच तो हात धरला. आणि घाईनं बोलायला लागली, सगळं एकदम सांगून टाकायचं होतं तिला. “दादा, मला कळलं. तुम्ही कंपनीत होता त्या दिवशी. मला सगळं कळलं. हे बघा, हे तुमच्या टाइम ऑफिसमधले साहेब. यांनी शोधून काढलं, कोणाच्या कार्डावर गेला होता ते.”

मला वाटलं होतं म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी दिसेल. एकवीस वर्षांचा डाग धुऊन निघाला, अजून काय हवं? पण टाइम ऑफिस हा शब्द कानावर पडला आणि तो माणूस घाबरला. खरंच घाबरला. मधुसूदनरावांकडं बघून उठून बसायची धडपड करायला लागला, साधना धरतेय तरी. त्यानं कसेबसे हात जोडले.

“सायेब, चूक माजी हाय. मीच मागून घेतलं कार्ड. रोहिदासचं नाव घालू नका सायेब. शेवटचं पत्र दिलंय त्याला तुमी. पोर झालीय त्याला आताच.”

कंपनी बंद पडून अकरा वर्षं झाली होती. त्या जागेवर आता गोदाम आहे. आणि हा माणूस मरताना रोहिदासची नोकरी वाचवत होता. मी तोंडाला पदर लावला, मला आवरेना.

मधुसूदनराव दोन पावलं पुढं आले. कबुली द्यायला आले होते, मनात वाक्यंही जुळवली असतील. पण ते टाइम ऑफिसच्या आवाजात म्हणाले, “नाही घालत. रोहिदास पर्मनंट झाला, सोपानराव. मस्टरवर चढलं त्याचं नाव.”

“झाला?”

“झाला.”

“मग बरं झालं,” म्हातारा म्हणाला आणि उशीवर मागं पडला. श्वास जरा शांत झाला. मग त्यांनी मान वळवून साधनाकडं बघितलं, मघापेक्षा नीट, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

“साधे, मी घरी न्हवतो गं,” ते म्हणाले. “मोटरला हात लावू नको म्हनलो हुतो तिला. मी घरी असतो तर उतरली नसती ती. मी घरी न्हवतो.”

ते घरी नव्हते, हे आम्ही त्यांना सोडवायला म्हणून घेऊन गेलो होतो, तेच तो माणूस एकवीस वर्षं गुन्हा म्हणून भोगत होता.

“माहीत आहे मला, दादा,” साधना म्हणाली. “माहीत आहे.” तिनं चमच्यानं त्यांना पाणी पाजलं. थोडं आत गेलं, थोडं गालावरून ओघळलं, ते तिनं ओढणीनं पुसलं आणि परत चमचा भरला.

मधुसूदनराव कधी बाहेर गेले मला कळलंही नाही. नंतर खिडकीतून बघितलं तर अंगणात बाभळीखालच्या रिकाम्या खाटेशेजारी उभे होते, एकटेच, हात मागं बांधून. भावजयीनं आम्हाला चहा आणला, त्यांना कोणी विचारलं नाही. साधनानं त्यांना आत बोलावलं नाही. आणि खरं सांगते, मीही नाही बोलावलं.